सहावा सेकंद

ताईचा फोन आला तेव्हा मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एका रेडिओचं पोट उघडून बसलो होतो. मला फोनवर बोलता येत नाही असं सगळे म्हणतात, कारण मी ‘बोला’ म्हणतो आणि समोरच्याने मुद्द्यावर यावं अशी वाट बघतो. ताई तेवढीही संधी देत नाही.

“ठोक्या, आपल्या कंपनीचा तो डिस्क ड्राइव्ह तुझ्या कपाटात आहे ना? चालू करून ठेव. गुरुवारी अकरा वाजता संग्रहालयात जायचंय. मी माझी डिस्क बाहेर काढतेय.”

हातातला स्क्रूड्रायव्हर रेडिओत पडला आणि आतली एक तार तुटली. त्या तारेसाठी मी ताईलाच मनात चार शब्द ऐकवले, कारण खरं ज्याला ऐकवायला हवे होते तो खुर्चीवर बसलेला मीच होतो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला ठोक्या हे नाव तिनेच ठेवलं, कारण लहानपणी बंद पडलेली कुठलीही वस्तू मी आधी ठोकून बघायचो. पुढे आम्ही दोघंही एकाच कंपनीत लागलो. ती वरच्या मजल्यावर खेळ लिहायची, मी दोन मजले खाली ड्राइव्हचे बोर्ड बनवायचो. टीव्हीला जोडायचं ते खेळाचं यंत्र आता कुणाला आठवतही नसेल. त्याच्याखाली हा ड्राइव्ह बसायचा आणि त्यात तळहाताएवढी डिस्क जायची. डिस्कवर खेळ असायचा, आणि खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली तेही तिच्यावरच लिहिलं जायचं. म्हणजे ड्राइव्हला लिहिता येणं भाग होतं. ज्याला थोडंसं लिहिता येतं त्याला अख्खी डिस्कही लिहिता येते, एवढी साधी गोष्ट आमच्या शहाण्यांच्या डोक्यात आली नाही.

पहिल्या तुकडीचे ड्राइव्ह बाजारात गेले आणि वर्षभरात घरोघरी नकला सुरू झाल्या. मग दुसरी तुकडी आली. तिच्यात एक पिन होती, जी डिस्कच्या कडेवरची उठावाची खूण चाचपून बघायची. लोकांनी आठ दिवसांत प्लास्टिकच्या तुकड्यावर ती खूण कोरून काढली. वरचे साहेब डोक्याला हात लावून बसले.

तिसरी तुकडी माझी. खेळाची नोंद लिहायला दोन सेकंद लागतात, पूर्ण डिस्क लिहायला छत्तीस. मी बोर्डावर एक मोजणारा भाग टाकला. लिहिणं पाच सेकंदांच्या पुढे गेलं की तो डिस्कवर लिहिणाऱ्या हेडचा प्रवाह गुपचूप तोडायचा. मोटार फिरत राहायची, लाल दिवा जळत राहायचा, आणि डिस्कवर पुढे एक अक्षरही उमटायचं नाही. दिवा चालू ठेवायची कल्पनाही माझीच. बैठकीत मी म्हणालो, “नक्कल करणाऱ्याला लगेच कळता कामा नये, घरी गेल्यावर कळलं पाहिजे.” सगळे हसले. साहेबांनी पाठ थोपटली. ही युक्ती मला कुठून सुचली ते मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत असताना मी अभ्यासाच्या खोलीतला दिवा चालू ठेवून खिडकीतून खेळायला पळायचो. दाराखालून उजेड दिसला की आई समाधानाने झोपायची.

कुलूप गुप्त होतं. खेळ लिहिणाऱ्यांनाही सांगायचं नाही म्हणून आमच्या सह्या घेतल्या होत्या. तिसऱ्या तुकडीचा ड्राइव्ह बाहेरून अगदी आधीसारखाच दिसायचा. ओळखायला म्हणून मागच्या बाजूला चारांतला एक स्क्रू काळा ठेवला होता.

आता ताईच्या डिस्कचं सांगतो. तिने एक खेळ लिहिला होता, पत्रं वाटणाऱ्या बाईचा. चाळीस घरं, एक खोडकर कुत्रा आणि खांद्यावरची पिशवी. शेवटी पिशवीत एक पत्र उरतं, ज्यावर पत्ता नसतो. ते घेऊन बाई गल्लीच्या टोकाला जाते, तिथल्या एका लहान खोलीत बसते आणि स्वतःच ते फोडते. आत ताईने स्वतःचं नाव लिहिलं होतं. साहेबांनी ती खोली काढून टाकली, डब्यावर आपलं नाव छापलं, आणि खेळ धो धो चालला. ताईने राजीनामा दिला.

कामाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिने मला खाली फोन केला. तिच्या टेबलावरचा ड्राइव्ह बंद पडला होता. “ठोक्या, एखादा चालू ड्राइव्ह दे. मूळ खेळ डिस्कवर उतरवून घरी नेते. सकाळी नऊला माझ्या मशीनवरचं सगळं पुसणार आहेत.” मी घाईत होतो. मला घाई करणारी माणसं आवडत नाहीत आणि त्या दिवशी मीच तसा होतो. बाकावर हाताशी आला तो ड्राइव्ह मी शिपायाबरोबर वर पाठवला.

तासाभराने नमुने कपाटात लावायला घेतले. तिसऱ्या तुकडीचे सहा असायला हवे होते. पाच होते.

मी जिन्यापर्यंत गेलो. तिथे उभा राहिलो. वर जाऊन सांगायचं म्हणजे कुलूप सांगायचं, आणि तेही साहेबांशी भांडून निघालेल्या बहिणीला. उद्या कुणाच्या कानावर गेलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. माझं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. मी स्वतःला सांगितलं की ती तुकड्यातुकड्यांत लिहील, तिला काय पडलंय एकदम लिहायला. मग मी घरी गेलो. सकाळी तो ड्राइव्ह माझ्या बाकावर परत आला होता आणि त्याच्यावर तिची चिठ्ठी होती, ‘ड्राइव्ह परत. काम झालं.’

काम झालं. बिचारीने लाल दिव्यावर विश्वास ठेवला होता. मी मूग गिळून गप्प बसलो, तो चौतीस वर्षं. डिस्क तिने पाकिटात घालून शिवणाच्या डब्यात ठेवली. कंपनीची वस्तू घरात नको म्हणून ड्राइव्ह कधी घेतला नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, “कुणी पुरावा मागेल तेव्हा उघडेन. उगाच फिरवून झिजवायची नाही.” तिने असं म्हटलं की माझा घास घशातच अडकायचा. आणि मी दर रविवारी तिच्याकडेच जेवायला असायचो.

आता पुरावा मागितला होता. संग्रहालयात जुन्या खेळांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथल्या बाईंना कुठूनतरी कळलं होतं की पत्रांचा खेळ साहेबांनी लिहिलेला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डिस्क उघडली आणि ती खोली दिसली, तर पाटीवर ताईचं नाव. नाही तर डब्यावर छापलंय ते. पाट्या शुक्रवारी छापायला जाणार होत्या.

माझ्या कपाटात तीन ड्राइव्ह होते. पहिल्याचं हेड फुटलेलं, दुसऱ्याची मोटार जळलेली. तिसरा धड होता, काळ्या स्क्रूचा. हो, तोच. कंपनी बंद पडली तेव्हा मी तो मागून घेतला होता. का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येत नाही. तो उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. कापूस आणि स्पिरिट घेऊन दोन दिवस मी ते डांबर खरवडत बसलो. नवा पट्टा बसवला, हेड पुसलं, वेग जुळवला. एरवी अशा कामात मला भूक लागल्याचं कळत नाही. या वेळी दर दहा मिनिटांनी मी घड्याळ बघत होतो. वाचताना माझं कुलूप आड येत नाही. ड्राइव्ह प्रामाणिकपणे वाचणार होता, आणि पाच सेकंदांनंतर वाचण्यासारखं काही नव्हतंच.

बुधवारी दुपारी बायको चहा घेऊन दुकानात आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग ड्राइव्हकडे.

“अहो, काय झालंय? दोन दिवस तोंड पाडून बसलाय.”

मी सांगून टाकलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, तेही हातात चिकट कापूस धरून. ती स्टुलावर बसली. चहा तिनेच प्यायला.

“हे पोटात ठेवून तुम्ही दर रविवारी त्यांच्याकडे जेवत होतात? आणि वर भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगत होतात?”

“मीठ खरंच कमी असायचं.”

“विषय बदलू नका. आज संध्याकाळी जा आणि सांगा.”

“सांगून काय होणार? डिस्क भरणार आहे का?”

“भरणार नाही. पण उद्या परक्या बाईसमोर त्यांची फजिती तरी होणार नाही.”

हे तिचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. मी म्हणालो की चौतीस वर्षांत डिस्कला बुरशी धरते, लेप सुटतो, कुणाचीही डिस्क वाचता येईनाशी होऊ शकते. दोष काळाचा. कुणाला संशयही येणार नाही. बायको उठली आणि रिकामा कप घेऊन दारापर्यंत गेली. “बुरशी,” ती म्हणाली, “बघा बाई,” आणि गेली.

संध्याकाळी मी ताईच्या घरापर्यंत गेलो. खिडकीतून ती दिसत होती. उद्याच्या साडीला इस्त्री करत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी परत फिरलो. दुकानात येऊन आणखी एक गोष्ट केली, जी सांगायला मला आजही लाज वाटते. ड्राइव्हच्या मागचा काळा स्क्रू काढला, त्या जागी साधा पांढरा बसवला आणि काळा खिशात टाकला. ताईला त्या स्क्रूचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तरीही.

गुरुवारी अकराला आम्ही संग्रहालयाच्या मागच्या खोलीत होतो. लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, एक जुना जाडजूड टीव्ही. संग्रहालयातल्या बाई पांढरे हातमोजे घालून आल्या. मृदू बोलणाऱ्या होत्या, आणि तेच मला जास्त जड जात होतं.

“तुमच्यावर आमचा अविश्वास नाही हं,” त्या ताईला म्हणाल्या. “पण डब्यावर छापलेलं नाव बदलायचं म्हणजे डोळ्यांनी बघावं लागतं.”

“बघा की. त्यासाठीच आणलीय,” ताई म्हणाली. इस्त्रीची साडी नेसून ती ताठ बसली होती. पिशवीतून तिने पाकीट काढलं, आणि त्याआधी सहज म्हणून ड्राइव्हच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एकदा.

मी तारा जोडल्या. “ताई,” मी म्हणालो, “एक सांगू का, इतक्या वर्षांत डिस्कला… म्हणजे बुरशी वगैरे…”

“बुरशी नाहीये. कोरड्या डब्यात होती. लाव.”

पाकिटातून डिस्क निघाली. बाईंनी उजेडात धरून बघितली. लेप स्वच्छ, चकचकीत. माझी बुरशी तिथेच मेली. आता सांगायला हवं, आत्ता, असं मी स्वतःला बजावत होतो आणि माझा हात डिस्क आत ढकलत होता. खटका बसला. मोटार फिरायला लागली. पडद्यावर ‘थांबा’ अशी अक्षरं आली.

मी मोजायला लागलो. मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत. एक. दोन. पडद्याच्या तळाशी एक पांढरी रेघ वाढत होती. तीन. आता रेघ थांबणार, मग ‘वाचता येत नाही’ येणार, मग ताई माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, ठोक्या, बघ रे काय झालं. चार. ड्राइव्हमधून टक असा आवाज आला आणि माझा जीव गेला. पाच. मी डोळे मिटले.

“सहा,” ताई म्हणाली.

मी डोळे उघडले. रेघ वाढत होती. ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

“सात,” ती म्हणाली. “मोज की. थांबलास का?”

आठव्या सेकंदाला पुन्हा टक. बाराव्याला पुन्हा. पूर्ण डिस्क एका दमात लिहिली असती तर असा आवाज आलाच नसता, लिहिलेला एकेक तुकडा संपला की टक होतं. चार सेकंद लिहायचं, थांबायचं, पुढचे चार लिहायचे. हे करायला कुलूप माहीत असावं लागतं, आणि ते पाचाला बंद होतं हेही. मी टेबलाची कड धरली. नऊ वेळा टक झालं आणि पडद्यावर पिशवी घेतलेली बाई उभी राहिली. मागून कुत्रा आला.

“आली!” संग्रहालयातल्या बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. ताईने खेळातली कुठलीतरी आडवाट वापरून सरळ शेवट गाठला. गल्लीच्या टोकाची लहान खोली, बिनपत्त्याचं पत्र, आणि पत्रात तिचं पूर्ण नाव आणि तारीख. बाईंनी हातमोजा काढून डोळे पुसले आणि कॅमेरा आणायला बाहेर गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“मी खेळ लिहायचे रे. लिहिलेलं परत वाचून बघितल्याशिवाय मी कधी जागेवरून उठले आहे का? वाचून बघितलं तर सुरुवातीचं थोडंसं होतं, पुढे कोरं. आणि लाल दिवा मात्र छत्तीस सेकंद जळला होता. दिवा चालू आणि आत कुणी नाही. हे कुणाचं डोकं आहे ते कळायला मला कितीसा वेळ लागणार? पहारेकरी दार लावायला आला तोवर बसून बसून पाचाचा हिशोब काढला आणि तुकड्यांत लिहिलं. ड्राइव्ह खालून वरून बघताना एक स्क्रू काळा दिसला. तो आज पांढरा झालाय.”

माझा हात आपोआप खिशावर गेला. तिने ते बघितलं.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“काय बोलू? मला वाटलं साहेबांनी तुला द्यायला लावला. नुकता लागलेला, लग्न ठरलेलं पोर, नाही कसं म्हणणार. मी मनाला तसं समजावलं. एक-दोन वर्षं जड गेलं, मग नाही गेलं.” तिने साडीचा पदर नीट केला. “साहेबांनीच लावलं होतं ना?”

हो म्हणायचं होतं. एवढाच शब्द. तिने तो माझ्यासाठी तयार करून ठेवला होता, चौतीस वर्षं वापरून मऊ केला होता. पण आदल्या संध्याकाळी खिडकीतून पाहिलेली ती गुणगुणणारी ताई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

“नाही. चुकून गेला. हाताशी आला तो पाठवला.”

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

“चुकून? अरे वेड्या, मग…” ती थांबली. ती खेळ लिहिणारी बाई आहे, पुढची पायरी तिला दिसतेच. “चुकून गेला हे तुला कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी. तासाभराने.”

“तेव्हा मी वर होते.”

“हो.”

“आठ वाजेपर्यंत होते. दार उघडं ठेवलं होतं मी. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, तू आलास.”

मी जिन्यापर्यंत आलो होतो, हे मी तिला सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. ती पुष्कळ वेळ पडद्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बघत राहिली.

बाई कॅमेरा आणि वही घेऊन परत आल्या. “ताई, पाटीवर काय लिहायचं ते सांगा. खेळ तुमचा, हे तर झालंच. ड्राइव्हही ठेवायला आवडेल आम्हाला. तो कुणाचा म्हणू?”

“माझ्या धाकट्या भावाचा,” ताई म्हणाली. “तिसरी तुकडी. त्यात नक्कल अडवणारं कुलूप आहे, तेही त्यानेच केलेलं. तेही लिहा. चांगलं कुलूप आहे, मला उघडायला तीन तास लागले.”

बाई हसून लिहायला लागल्या. ताईने माझ्यापुढे हात पसरला. मी खिशातून काळा स्क्रू काढून तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो उजेडात फिरवून बघितला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला.

“बसव,” ती म्हणाली. “आणि या रविवारी तू येऊ नकोस. पुढच्या रविवारचं मी फोन करून सांगेन.”

मी ड्राइव्ह उलटा केला आणि पांढरा स्क्रू काढला. काळा बसवायला मला चार वेळा प्रयत्न करावा लागला, कारण तो घसरत होता.